एका माणसाचा तंबू

मराठी माणूस संसार थाटतो, दुकान मांडतो, बिऱ्हाड करतो, पण तंबू मात्र ठोकतो. तंबूविषयीचा आपला एकंदर दृष्टिकोन त्या एका क्रियापदात आला. आपला आणि तंबूचा संबंधही तसा बेताचाच. चौथीच्या इतिहासात प्रतापगडाखालचा शामियाना भेटतो, उन्हाळ्याच्या सुट्टीत सर्कशीचा तंबू भेटतो, आणि पुढे जन्मभर वर्तमानपत्राच्या शेवटून दुसऱ्या पानावर फलंदाज शून्यावर 'तंबूत परतत' राहतात. प्रत्यक्षात ते बिचारे एअरकंडिशन्ड खोलीत जाऊन केळं खात बसतात. पण मराठीत ते तंबूतच परततात.

अशा परंपरेतला, बी. कॉम. झालेला आणि बावीस वर्षं बँकेत कारकुनी केलेला माणूस शेहेचाळिसाव्या वर्षी स्वतःसाठी तंबू विकत घ्यायचं म्हणतो, तेव्हा घरात प्रश्न विचारला जाणारच. आमच्याकडे तो एका शब्दात विचारला गेला.

"एकटेच?"

आता या शब्दाला उत्तर काय द्यायचं? आपल्याकडे एकटं जाण्याचा अधिकार दोघांनाच आहे. एक संन्याशाला आणि दुसरा ऑडिटला निघालेल्या माणसाला. बाकी कुणी एकटा निघाला की तो एक तर रुसलेला असतो, नाही तर त्याचं कुठेतरी काहीतरी असतं. माझं कुठेही काहीही नाही. आमच्या हिलाही ते माहीत आहे, कारण माझं पासबुक तीच भरून आणते. पण दिवसभर एका खिडकीतून दीडशे चेहरे बघावेत, त्यातल्या प्रत्येकाचं काम आधीच्यापेक्षा अर्जंट असावं, संध्याकाळी लोकलमध्ये आणखी दीडशे चेहऱ्यांच्या नाकाला नाक लावून उभं राहावं आणि घरी आल्यावर सोसायटीच्या सेक्रेटरींनी जिन्यात गाठून पाण्याच्या टाकीविषयी मत विचारावं, असं बावीस वर्षं झालं की माणसाला वाटतं, दोन रात्री अशा असाव्यात की ज्यात कुणी "जरा बघता का?" म्हणणार नाही. २०१५ पासून बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी मिळते. त्यातल्या एका शुक्रवारी रात्री निघावं, रविवारी संध्याकाळी परत यावं. मागणी एवढीच.

तर तंबू. दुकानात गेलो. तिथे आमच्या धाकट्याएवढा एक मुलगा होता. मी म्हटलं, एका माणसाचा, स्वस्तातला, पाठीवर नेण्यासारखा तंबू दाखव. तो म्हणाला, "काका, फ्रीस्टँडिंगच घ्या. हा स्वतःच्या पायावर उभा राहतो."

हे वाक्य मी आजवर अनेक बापांच्या तोंडून मुलांविषयी ऐकलं होतं. तंबूविषयी प्रथमच ऐकलं.

फ्रीस्टँडिंग म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. जुन्या तंबूला मधोमध खांब आणि चारी बाजूंनी दोऱ्या. त्या दोऱ्यांना मराठीत तणावे म्हणतात. तणावे खुंट्यांना बांधायचे आणि खुंट्या जमिनीत ठोकायच्या. एक खुंटी निघाली की तंबू बसला. नव्या तऱ्हेत दोन लवचिक दांडे एकमेकांवर फुलीसारखे टाकून कमानीसारखे वाकवतात, त्यांची टोकं तंबूच्या चार कोपऱ्यांत अडकवतात. दांडे सरळ व्हायला बघतात, कापड त्यांना होऊ देत नाही, आणि या कायमच्या भांडणावर तंबू ताठ उभा राहतो. (सुखी संसाराची रचना हीच असते, पण तो विषय वेगळा.) अमेरिकेत फोर्ड कंपनीच्या मासिकासाठी चित्रं काढणाऱ्या बिल मॉस नावाच्या गृहस्थांनी १९५५ साली असा छत्रीसारखा उघडणारा घुमटी तंबू काढला. तेव्हापासून तंबू ठोकावा लागत नाही, मांडता येतो. तणावाशिवाय उभी राहणारी वस्तू बँकेत नोकरी करणाऱ्याला अद्भुत न वाटली तरच नवल.

शिवाय आपल्या सह्याद्रीत तो सोयीचाही आहे. आपले डोंगर काळ्या कातळाचे. वर बोट-दोन बोटं माती, खाली बेसॉल्ट. गडावर खुंटी ठोकायला जावं तर खुंटी वाकते, दगड फुटतो, अंगठा सुजतो, आणि शेजारच्या तंबूतली कॉलेजची मुलं "काका, हेल्प करू का?" विचारतात. माणूस एकटा राहायला आलेला असताना यासारखा अपमान नाही.

पण मी पडलो बँकेतला. "स्वतःच्या पायावर उभा आहे" असं कुणी म्हणालं की आम्ही लगेच दोन जामीनदारांचे फॉर्म पुढे सरकवतो. तोच प्रश्न मी त्या मुलाला विचारला. वारा आला तर? तो जरा घुटमळला. म्हणाला, "वाऱ्यात खुंट्या मारायच्याच, काका. पिशवीत दिल्यात. कातळावर असाल तर दोऱ्या दगडांना बांधा." म्हणजे झालं की नाही तेच! तंबू स्वतःच्या पायावर उभा, पण जामीनदार पिशवीत तयार. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर खालून जो वारा चढतो, त्यात खुंटीशिवाय ठेवलेला रिकामा घुमटी तंबू म्हणजे पतंग. सुटला तर अहिल्यानगर जिल्ह्यातून थेट ठाणे जिल्ह्यात बदली, आणि तीही विनंती अर्जाशिवाय.

या स्वावलंबनाचं मूळ शोधताना मी वाचनालयातून थोरोचं 'वॉल्डन' आणलं. एकटं राहायचं म्हणणाऱ्या प्रत्येकाला कुणी ना कुणी हे पुस्तक सुचवतं. वाचायला घेतल्यावर मात्र मला माझाच माणूस भेटल्यासारखं झालं. कारण पुस्तकाच्या आरंभीच जमाखर्च आहे! १८४५ साली तळ्याकाठी बांधलेल्या झोपडीचा खर्च त्याने फळ्या, खिळे, चुना असा खातेवार दिला आहे. एकूण २८ डॉलर साडेबारा सेंट. अर्धा सेंटही सोडलेला नाही. तत्त्वज्ञ असून बेरीज जुळलेली मी पहिल्यांदाच पाहिली. पण कारकुनाच्या नजरेतून काही सुटत नाही. झाडं तोडायला कुऱ्हाड घेतली ती उसनी. जमीन मित्राची, म्हणजे एमर्सनची, ज्याने चार वर्षांपूर्वीच आत्मनिर्भरतेवर प्रख्यात निबंध लिहिला होता. बॅलन्स शीटमध्ये या दोन नोंदी शोधायला गेलं तर सापडत नाहीत.

याच थोरोने रेल्वेच्या रुळांकडेला एक पेटी पाहिली होती. सहा फूट लांब, तीन फूट रुंद, कामगारांची हत्यारं ठेवायची. त्याच्या मनात आलं, अडलेल्या माणसाने डॉलरभरात अशी पेटी घ्यावी, हवेला भोकं पाडावीत, रात्री आत शिरून झाकण लावावं. घरमालक नाही, भाडं नाही. पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा हा एका माणसाचा, परवडणारा, फ्रीस्टँडिंग तंबूच की! दुकानातल्या एकमाणशी तंबूचं माप मी टेपने मोजलं. सात फूट बाय तीन. एवढ्या काळात प्रगती लांबीत झाली, फुटाची. रुंदी आहे तिथेच.

बाकी तांत्रिक बाबींत फार शिरत नाही, कारण त्यात शिरलेला माणूस मी पाहिला आहे आणि तो अजून बाहेर आलेला नाही. एवढंच सांगतो की वजनाचे आकडे दोन असतात. एक 'किमान' आणि एक 'पॅक'. किमान वजनात खुंट्या, दोऱ्या, पिशव्या धरत नाहीत. आमच्या कर्जाच्या जाहिरातीतला व्याजदर आणि प्रत्यक्ष हप्ता यांत जे नातं, तेच इथे. नेहमी पॅक वजन विचारावं. स्वस्त तंबूचे दांडे फायबरग्लासचे असतात, ते जड असतात आणि मोडले तर त्यांच्या चिरफळ्या होतात. अॅल्युमिनियमचे हलके, पण तिथे किंमत वर जाते. कापड किती पाणी अडवतं ते मिलिमीटरमध्ये सांगतात. तीन हजार मिलिमीटर म्हणजे कापडावर तीन मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तरी पाझरत नाही. हे ऐकून आपण खूश होतो आणि पहाटे उठावं तर अंथरूण ओलं. बाहेर चांदणं! ते पाणी आपलंच असतं. रात्रभर सोडलेला श्वास थंड कापडावर जमून थेंब झालेला असतो. म्हणून आत जाळीचा एक आणि वर पाण्याचा एक असे दोन थर असलेला तंबू घ्यावा. चार-पाच हजारांत बरा मिळतो, वजन दोन किलोच्या आसपास. त्यातलं अर्धा-पाऊण किलो कमी करायचं तर किंमत कधी तिप्पट, कधी चौपट होते. माझ्या पोटावर चार किलो जादा आहेत. ते कमी करायला काहीही खर्च नाही, उलट बचत आहे, हे आमच्या हेड कॅशियरनी लक्षात आणून दिलं. हेड कॅशियरशी वाद घालू नये.

खरा घोळ पुढे झाला. तो मुलगा सहज म्हणाला, "काका, एकाचा घेऊ नका, दोघांचा घ्या. पाचशे-सहाशे ग्रॅमचाच फरक आहे."

तंबूवाल्यांचं माणसं मोजण्याचं माप आपल्या लोकलमधल्या चौथ्या सीटचं आहे. बाक तिघांचा, पण चौथा अर्ध्या मांडीवर टेकलेला धरून तो चौघांचा म्हणायचा. दोघांच्या तंबूत दोघं झोपू शकतात, पण कूस बदलायची तर आधी चर्चा करावी लागते. म्हणून अनुभवी लोक एकट्यासाठी दोघांचा घेतात, सामान आत ठेवता येतं. हे मला पटलं. वजनही झेपण्यातलं होतं. पण मनात वेगळंच सुरू झालं. एका माणसाच्या तंबूचा एक मोठा गुण असा की त्यात दुसऱ्याला जागा नसते. लक्षात घ्या, जागा देत नाही असं नव्हे. जागा नसतेच. रात्री अकरा वाजता पावसात कुणी चुकलेला पोरगा बाहेर येऊन म्हणाला, "काका, जरा आत येऊ का?" तर एकमाणशी तंबूतला माणूस अत्यंत सद्गदित होऊन सांगू शकतो, "अरे, घेतलं असतं रे, पण बघतोयस ना?" सदसद्विवेकबुद्धी कोरडी आणि अंथरूणही कोरडं. दोघांच्या तंबूत मात्र हे वाक्य म्हणता येत नाही. तिथे सरकावं लागतं, नाही तर "नाही" म्हणावं लागतं. आणि ते "नाही" आपलं असतं, तंबूचं नसतं.

आमच्या भाषेत याला संभाव्य देणं म्हणतात. आज देणं नाही, कदाचित कधीच येणार नाही, पण ताळेबंदाच्या तळटिपेत दाखवावं लागतं. मग प्रश्न असा : ज्या दारावर कधी काळी कुणी थाप मारेल, ते दारच लहान करून घेणं सभ्यपणाचं आहे का? कुणी विचारलं आणि आपण नकार दिला तर तो दुष्टपणा. पण कुणाला विचारताच येऊ नये अशी सोय आधीच पैसे देऊन करून ठेवली तर ते काय? काटकसर? डायोजिनीस अथेन्समध्ये रांजणात राहायचा. एका मुलाला ओंजळीने पाणी पिताना पाहून त्याने आपला पेलाही फेकून दिला म्हणतात. वजन कमी करणाऱ्या तमाम पाठपिशवीवाल्यांचा तो आद्यगुरू. पण ज्याच्याकडे पेला नाही त्याच्याकडे कुणी चहाला जात नाही, हाही त्यातला फायदा असावा अशी मला शंका आहे. थोरोच्या झोपडीत मात्र खुर्च्या तीन होत्या आणि कधीकधी त्या खोलीत पंचवीस-तीस माणसं जमली असं तो स्वतःच लिहितो. एकांताचा एवढा मोठा पुरस्कर्ता, त्याने पेटी घेतली नाही. खोली बांधली.

गेल्या हिवाळ्यात संगमनेरहून अकोल्याकडे जाताना रस्त्याकडेला ऊसतोड कामगारांच्या कोप्या लागल्या. दिवाळीच्या सुमारास ही माणसं मुलाबाळांसह येतात ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात, आणि तेवढे महिने त्यांचं घर म्हणजे कोपी. वाकवलेले बांबू, त्यावर चटई, पाचट, वर प्लॅस्टिकचा कागद. रचना तीच, बिल मॉसच्या कितीतरी आधीची. फरक एवढाच की आम्ही पैसे भरून दोन रात्री ज्यात राहतो, त्यात ती पोटासाठी सहा महिने राहतात. मी पाण्याची बाटली भरून मिळेल का विचारायला वाकलो. आत एक बाई, तीन मुलं, एक म्हातारी आणि एक शेळीचं करडू. बाई म्हणाली, "बसा की भाऊ, च्या टाकते." आणि मुलांना नुसतं "सरका रं" म्हणाली. मुलं सरकली. करडूही सरकलं. माझी पाठपिशवी बाहेरच राहिली, कारण आम्हा दोघांत ती जास्त जाड होती. चहा गोड होता. मी फार वेळ बसलो नाही, आणि तिथे माझ्या पाठीवरच्या उसन्या तंबूची किंमत कुणी विचारली नाही, याचं मला बरं वाटलं.

ही गोष्ट मी शाखेत जेवणाच्या सुट्टीत सांगितली. आमचे मॅनेजर कुंभकोणमकडचे. दहीभात खाताना ते सहसा बोलत नाहीत. त्या दिवशी बोलले. त्यांच्याकडे तिरुक्कोविलूर नावाचं गाव आहे. तिथे एका अंधाऱ्या पावसाळी रात्री पोयगै आळ्वार एका घराच्या चिंचोळ्या देवडीत आडवे झाले होते. भूतत्ताळ्वार भिजत आले. पहिले म्हणाले, एकाला निजण्याची जागा आहे, दोघांना बसता येईल. दोघं बसले. मग पेयाळ्वार आले. दोघांना बसण्याची जागा असेल तर तिघांना उभं राहता येईल, म्हणून तिघं उभे राहिले. कुणी कुणाला आधी ओळखत नव्हतं. मग अंधारात तिघांनाही वाटू लागलं की आणखी कुणीतरी चौथं आपल्यात रेटून उभं आहे. दिसत नाही, पण गर्दी होते आहे. तो विष्णू होता.

"अब बोलो," साहेब डब्याचं झाकण लावत म्हणाले, "तुम्हारे तंबू में चौथे का प्रोव्हिजन है क्या?"

चार जणांचा तंबू पाच किलोचा पडतो, असं मी त्यांना सांगितलं. पण रात्री झोप लागेना. देवाचं सोडा, तो देवडी पाहून येतो, पावसाळी तंबूत येणार नाही. मला त्या तिघांचंच कौतुक वाटत होतं. पहिला पाय पसरून झोपला होता हो! त्याला झोपेचं सोंग घेता आलं असतं. आमच्या लोकलमध्ये विरारपर्यंत घेतात.

शेवटी दोघांचा घेतला. पॅक वजन दोन किलो चारशे, दांडे फायबरग्लासचे, कापड तीन हजार मिलिमीटर, किंमत आमच्या एका महिन्याच्या किराण्यापेक्षा थोडी कमी. घरी आणल्यावर दिवाणखान्यात उभा करून पाहिला. हे फ्रीस्टँडिंगचं खरं सुख. खुंट्यांचा तंबू लादीवर उभा करून दाखवा! ही स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि वाकून आत बघू लागली.

"हा दोघांचा दिसतोय."

मी तिला सगळं समजावून सांगितलं. पावसातला पोरगा, संभाव्य देणं, तिरुक्कोविलूर. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे कोण कुठला पोरगा रात्री अकराला येईल म्हणून सहाशे ग्रॅम जादा वाहणार. आणि बावीस वर्षांत मला एकदा विचारलं नाहीत, येतेस का म्हणून."

"अगं, पण तुला डोंगर आवडत नाहीत."

"नाहीतच आवडत. यायचं कुणाला आहे? विचारलं नाहीत, एवढंच म्हणतेय."

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. ती चपला काढून आत शिरली, आडवी झाली आणि वर जाळीकडे बघत राहिली. बाहेर टीव्ही चालू होता, कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या होत्या, धाकट्याला त्याचं चार्जर सापडत नव्हतं आणि सेक्रेटरींनी बेल वाजवली होती, बहुधा टाकीविषयीच. आतून हात आला आणि झिप सर्रकन खालपर्यंत लागली.

सेक्रेटरींना मी वाटेला लावलं, गॅस बंद केला, चार्जर शोधून दिलं. पाऊण तास गेला. आत दोघांची जागा होती, हे मला ग्रॅमनिशी ठाऊक होतं. मी तंबूपाशी जाऊन जरा खाकरलो आणि विचारलं, "येऊ का?"

आतून उत्तर आलं नाही. तंबूला कडी नसते, त्यामुळे ती वाजवताही येत नाही. मी धाकट्याला टीव्हीचा आवाज कमी करायला सांगितला आणि ताटं घ्यायला लागलो.